राहिलेली मांडवपरतणी

"डोळ्याला कधी काही लागलं होतं का? काडी, काटा, काहीही. लहानपणी म्हणा, लग्नाआधी म्हणा."

डॉक्टर श्रद्धांनी हे पुन्हा विचारलं, तेव्हा विजयमालानं आधी दाराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं आणि मग म्हणाली, "नाही."

वीरधवल साताऱ्याच्या एका दूधसंघात नमुने तपासायच्या खात्यात होता. दुधात पाणी आहे हे ज्याला नुसतं भांडं हलवून कळायचं, त्याला बायकोच्या त्या 'नाही'त पाणी आहे हे कळणार नाही होय? कळलं. पण तो काही बोलला नाही. विजयमालापुढं न बोलण्याची त्याला लग्नापासूनची सवय होती.

सांगलीला, विश्रामबागेतल्या ह्या डोळ्यांच्या दवाखान्यात दोघं आदल्या दिवशी आले होते. तसा विजयमालाचा उजवा डोळा म्हणजे घरातलं जुनंच दुखणं. सारखं पाणी. नाकाकडच्या कोपऱ्यातून कधी पू, कधी नुसताच चिकटा. साताऱ्याच्या डॉक्टरांनी लासूर म्हटलं, आसवांची पिशवी खराब झालीय म्हणून ऑपरेशनही केलं. चार महिने बरं वाटलं, मग पुन्हा जैसे थे. पुढं त्या कोपऱ्यात एक बारीक भोकच पडलं. ते भरायचं, फुटायचं, पुन्हा भरायचं. पदराचं टोक सदा डोळ्याला, हे घरात इतकं अंगवळणी पडलं की कुणाला त्यात काही वावगं दिसेनासं झालं. पण गेल्या महिन्यापासून डोळा बाहेर यायला लागला. आणि एक दिवस तिनं वीरधवलचा चहा कपात न ओतता कपाशेजारी, सरळ ओट्यावर ओतला.

"दोन कप दिसत होते ओ," ती म्हणाली. "मी आपली जवळच्यात ओतला."

सोनम, त्यांची बारावीतली लेक, खो खो हसली. वीरधवलला हसू आलं नाही. त्यानं ओटा पुसला, रजा टाकली आणि तिला घेऊन सांगली गाठली.

डॉक्टर श्रद्धा बुटक्या, चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी संगणकावरचं चित्र दोघांकडे वळवलं.

"हा डोळा. ही मागून मेंदूकडे जाणारी नस. ह्या दोघांच्या मधे, नाकाच्या अंगाला, ही पुवाची गाठ आहे. आणि गाठीच्या पोटात हा काळा पट्टा दिसतोय? ती हवा असेल, बुरशी असेल, नाहीतर लाकूड. जुनं लाकूड असंच फसवतं, चित्रात हवेसारखं काळं दिसतं."

"लाकूड?" वीरधवल म्हणाला. "डोळ्यात?"

"डोळ्यात नाही, डोळ्याच्या खोबणीत. बाजूनं आत शिरतं, डोळ्याला धक्काही लागत नाही. वरची जखम चार दिवसांत भरते आणि सगळे विसरून जातात. आतलं लाकूड मात्र काही विसरत नाही. ते वर्षानुवर्षं पू करत बसतं." त्या विजयमालाकडे वळल्या. "ताई, मी का मागं लागलेय ते ऐका. लाकूड असेल तर मी लगेच आत जाते आणि शेवटची ढलपी निघेपर्यंत बाहेर येत नाही. पण ती बुरशी असेल, दुसरी कसली गाठ असेल, तर असं आत शिरणं म्हणजे दुखणं पसरवणं. मग आधी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा आणि रिपोर्टची वाट बघायची. नसेवर दाब इतका आहे की तेवढे दिवस ती तग धरेल असं मला वाटत नाही. नस गेली की नजर गेली. ती परत आणता येत नाही. तेव्हा आठवा जरा."

"नाही," विजयमाला म्हणाली. "काही लागलं नव्हतं."

झालं. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं, डोळ्यावर पट्टी बांधली. वीरधवल बाहेर व्हरांड्यात आला आणि त्यानं आटपाडीला मेव्हण्याला फोन लावला. नारायणरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ नुसतेच "हां... हां..." करत राहिले. मग म्हणाले, "दाजी, आयेला घिऊन येतो सकाळच्याला." लहानपणी काही लागलं होतं का, ह्या प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिलं नाही.

वीरधवलला एक जुनी गोष्ट आठवली.

ती गोष्ट त्याच्या घरात सगळ्यांना पाठ होती. त्याच्या आईनं, आक्कांनी, ती इतक्यांदा सांगितली होती की सोनमला लहानपणी झोपताना चिऊ-काऊच्या ऐवजी हीच ऐकायला मिळाली असेल. लग्नात अंतरपाट खाली आला आणि वऱ्हाडानं बघितलं तर नवरीचा डोळा लालबुंद, टम्म सुजलेला. मुंडावळ्यांच्या आडून नुसतं पाणी वाहतंय. "रडून रडून डोळा सुजवून बसली होती," आक्का सांगायच्या. "मी म्हटलं, आमच्याकडं काय वाघ बसलाय का गं?"

बायका हसायच्या. वीरधवलही हसायचा. पण त्या दिवशी बोहल्यावर त्याला हसू आलं नव्हतं. समोरच्या मुलीनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या गालावरून पाणी घळाघळा आलं. हा त्याच्या संसाराचा पहिला क्षण. हिला आपण नको होतो, हे त्यानं तिथंच मनाशी पक्कं केलं. बळजबरीनं उभी केलीय हिला.

मग नियम ठरला. तिच्यावर कशाची म्हणून जबरदस्ती करायची नाही. भाजी कुठली, सिनेमा कुठला, सोनमचं नाव काय, सगळ्याच्या शेवटी 'चालेल ना?' आणि फार वेळ तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की त्या डोळ्यात पाणी यायचं, आणि पाणी आलं की ह्याला वाटायचं, आपल्यालाच बघून आलं. माणूस भला, पण भलेपणातही किती गाढवपणा करता येतो ते ह्यांच्याकडं बघून शिकावं. अठरा वर्षं बायकोशी पाहुण्यासारखा वागला.

आक्कांनी तर लग्नानंतर आणखी एक केलं. मांडव परतायला नवरा-नवरी नवरीच्या घरी जातात, जेवतात, मग तो मांडव उतरवतात. आक्कांनी दोघांना पाठवलंच नाही. "घरात पाहुणे आहेत" म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जावेला हळूच म्हणाल्या, "इतकी रडतीय ती. गेली तर परत यायची न्हाई." पुढं दिवाळी झाली, बाळंतपण झालं, माहेरी शंभरदा जाणं-येणं झालं. ती मांडवपरतणी मात्र राहिली ती राहिलीच.

सकाळी दोन्हीकडची माणसं एकदमच आली. आक्का पुतण्याच्या गाडीतून, मऊ भात आणि मेतकुटाचा डबा घेऊन. आणि नारायणराव त्यांच्या टेम्पोतून, शेजारी त्यांची आई भामाबाई, मांडीवर डाळिंबांची पिशवी. भामाबाईंनी लेकीच्या पट्टीवरून, गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मग त्या बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर येऊन बसल्या. आक्काही त्याच बाकड्यावर, पण मधे एक माणूस बसेल इतकी जागा सोडून. त्या जागेत डाळिंबं बसली.

"ईनबाई," आक्कांनी सुरुवात केली, "डॉक्टरीण म्हणतीय आत लाकूड असेल. आमच्या घरात लाकूड लागायला काय आहे? गॅसवर स्वयंपाक होतो. लहानपणी पडली-झडली असेल, तुम्ही सांगितलं नसेल."

"आमच्या घरात व्हती तवर पोरीचा डोळा आरशावानी हुता," भामाबाई म्हणाल्या. "पानी बी कवा आलं न्हाई. तुमच्याकडं आल्यावरच पाझर फुटला."

"म्हणजे आम्ही रडवलं?"

"म्या तसं म्हनलं का?"

"आये, गप," नारायणराव म्हणाले.

"का गप? माझी लेक हाय आत."

"तुमची लेक, आमची सून," आक्का म्हणाल्या. "अठरा वर्षं तिचा डोळा कोण पुसतंय? गरम पाण्याचा शेक कोण देतंय? मी देते. गुडघे धरलेत माझे, तरी मी देते."

हे खरं होतं. वीरधवल मधे पडणार होता, पण कुणाच्या बाजूनं पडावं ते त्याला ठरवता येईना. बायकोचं माहेर नाराज करायचं नाही आणि आईला तोडून बोलायचं नाही, ह्या दोन्हींत त्याची उमर गेली होती. तो पाणी आणायला उठला. नारायणरावही त्याच्या मागोमाग उठले. एवढा दांडगा, झुपकेदार मिशांचा गडी, पण आज बहिणीच्या खोलीच्या दारात पाय टाकायला तयार नव्हता.

"नारायणराव, काय असेल ते सांगा," वीरधवल म्हणाला. "तुम्हाला माहितीय काहीतरी."

"आयेला इचारा, दाजी. मला बोलाय येत न्हाई."

तेवढ्यात मागं आक्कांचा आवाज चढला.

"आरसा म्हणे! तुमचा आरसा मांडवात आला तोच तडकलेला. अख्ख्या वऱ्हाडानं बघितलंय. रडून रडून डोळा सुजवून बसली होती पोरगी, बोहल्यावर उभं राहवत नव्हतं. आणि आम्हाला म्हणता रडवलं!"

डॉक्टर श्रद्धा त्याच वेळी जिन्यावरून खाली येत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या.

"आजी, काय म्हणालात? डोळा सुजवून?"

"रडून हो. लग्नात."

"कोणता डोळा?"

"हाच की. उजवा."

"आणि डावा?"

आक्का बोलायला गेल्या आणि थांबल्या. ती गोष्ट त्यांनी आजवर किती जणांना रंगवून सांगितली असेल, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले, जणू तो मांडव त्यांना पुन्हा बघायचा होता.

"डावा..." त्या म्हणाल्या, "डावा बरा होता. चांगला काजळ घातलेला होता."

"आजी, माणूस एकाच डोळ्यानं रडतं का हो?"

वीरधवलच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. इतकी साधी गोष्ट! अख्खं वऱ्हाड, भटजी, फोटोवाला, तो स्वतः, सगळ्यांनी तो एक डोळा बघितला आणि एकालाही दुसरा बघायचं सुचू नये? नवरी म्हटलं की ती रडणारच. मग कशानं रडते, कुठल्या डोळ्यानं रडते, ह्याची चौकशी करतो कोण?

भामाबाई बाकड्यावरून उठल्या आणि भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसल्या. पदर डोक्यावर नीट घेतला.

"मांडवडहाळं आनलं त्या दिशी झालं ते," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवावर घालायला पाच झाडांच्या डहाळ्या वाजतगाजत आणतात, ते डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. त्या इथल्याच होत्या.

"नाऱ्यानं टॅक्टर आनला. आंबा, जांभूळ, उंबर, रुई, आन वरनं ही मोठी सौंदडीची डहाळी. पोरीला हळद लागल्याली. घरात बसायचं सोडून ही भायेर पळत आली. म्हनली, दादाला मीच ववाळनार. लय हासत हुती. नाऱ्यानं वरनं डहाळी वढली, ती गुतल्याली. जोर लावला तशी सुटली आन ताठ हिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात शिरली. नाऱ्यानंच उपसली. आमाला वाटलं अख्खी आली. रगात आलं, तवा हळद भरली. हळदीला काय तोटा, ताट भरल्यालं समूरच हुतं."

"आणि दवाखाना?" डॉक्टरांनी विचारलं.

"उद्या लगीन हाय आन आज पोरगी दवाखान्यात नेऊ? समद्या गावाला कळलं आसतं." भामाबाईंनी आता आक्कांकडे बघितलं. "ईनबाई, मांडवाच्या डहाळीनं नवरीचं रगात काढलं, ह्ये तुमास्नी कळलं आसतं, तर तुमी आक्षता पडू दिल्या आसत्या का? वऱ्हाड माघारी गेलं आसतं. म्या पोरीला भावाची शपथ घातली. म्हनलं, सासरी कवाच बोलायचं न्हाई. आन मांडवात तुमच्याकडच्या बाया म्हनाय लागल्या, नवरी रडलीया. आमी म्हनलं, बरं झालं. रडल्याली नवरी कुनाला खटकती?"

नारायणराव खांबाकडे तोंड करून उभे होते.

सगळ्यांना वाटलं, आता आक्का फुटतात. आक्कांच्या जिभेला साताऱ्यात गोडोलीपासून शाहूपुरीपर्यंत सगळे ओळखून होते. पण त्या आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत बसल्या.

"मोडलं असतं," शेवटी त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मी मोडलंच असतं लग्न. आणि हिच्यासारखी सून मला कुठनं मिळाली असती?"

डॉक्टर श्रद्धांना ह्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या नर्सला हाका मारत सुटल्या होत्या. "सौंदड म्हणजे शमी. कठीण लाकूड, काटेरी. दुपारचं सगळं पुढं ढकला. ह्या ताईंना आधी घ्यायचं."

ऑपरेशनला नेण्याआधी वीरधवल आत गेला. विजयमाला हिरव्या गाऊनमध्ये बसली होती, केस टोपीत बांधलेले, त्यामुळे चेहरा एकदम कॉलेजातल्या मुलीसारखा दिसत होता. बाहेरचं सगळं तिनं खिडकीतून ऐकलं होतं.

"तू का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"अख्खी आली म्हणून मी विसरूनच गेले होते ओ. ह्या डोळ्याचा आणि त्या डहाळीचा काही संबंध असेल, असं कधी वाटलंच नाही. लासूर म्हणाले, लासूर. काल डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा एकदम आठवलं. पण दादाची शपथ होती."

"डोळा जायची वेळ आली आणि तू शपथ धरून बसलीस?"

"डोळे दोन आहेत," ती म्हणाली. "दादा एकच आहे."

तो कॉटच्या कडेला बसला. मग त्यानं ते विचारलं. इतकी वर्षं घशाशी येऊन परत जात होतं, ते आज बाहेर आलं.

"म्हणजे तू रडत नव्हतीस?"

"कधी?"

"लग्नात. मला बघून."

विजयमाला चांगल्या डोळ्यानं त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला बघून? मी कशाला रडू? मला तर हसू दाबवत नव्हतं. तुमचा फेटा एका कानावर आला होता आणि तुमच्या मामांचा तो सरळ करायला हात पोचत नव्हता. हसले की डोळ्यात कळ यायची आणि कळ आली की पाणी यायचं." ती थांबली. "अहो, म्हणजे तुम्हालाही तसंच वाटत होतं? आक्कांना वाटायचं ते ठीक आहे. तुम्हालाही?"

त्यानं मान खाली घातली.

"म्हणून ते 'चालेल ना, चालेल ना'?"

त्याचे कान लाल झाले होते.

"आणि माझ्याकडं बघायचा नाहीत ते?"

"तुला नको असेन असं वाटायचं," तो म्हणाला. "म्हटलं, निदान त्रास तरी नको."

"देवा!" विजयमालानं कपाळावर हात मारला, चुकून दुखऱ्या बाजूनं, आणि कळवळली. "मला वाटायचं, तुम्हाला किळस येते. पू येणारा डोळा कोणाला बघवेल? म्हणून मी पदर लावून बसायची. माणूस चांगलं आहे, बोलत नाही तोंडावर, असं म्हणायची मी मनात."

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली. वीरधवल तिच्याजवळ सरकला. पट्टीतून पिवळट ओल दिसत होती, गाल सुजून चकाकत होता.

"बघू का?" तो म्हणाला. "चालेल ना?"

"विचारू नका," ती म्हणाली. "बघा."

त्यानं बघितलं. चांगलं पोटभर बघितलं. नर्स दारात येऊन उभी राहिली तरी त्यानं नजर हलवली नाही. मग विजयमालाच म्हणाली, "अहो, आता जाऊ द्या. आणि दादाला सांगा, मी रागावले नाही. तो खांबापाशी उभा असेल, मला माहितीय."

नारायणराव खांबापाशीच होते. वीरधवलनं निरोप दिला तेव्हा त्या दांडग्या माणसानं गळ्यातल्या टॉवेलनं तोंड झाकून घेतलं आणि दवाखान्याच्या मागच्या बाजूला निघून गेला. तिथं तो टेम्पोची काच पुसत बसला. स्वच्छ काच.

ऑपरेशन चाललं ते चाललंच. बाकड्यावर दोघी विहिणी होत्या. डाळिंबांची पिशवी आता खाली होती. केव्हा तरी आक्का भामाबाईंच्या शेजारी सरकल्या होत्या.

"भात खाताय का दोन घास?" आक्का म्हणाल्या.

"घशाखाली उतरत न्हाई."

"मलाही. पण तुम्ही खाल्लात तर मी खाईन."

मग दोघींनी एकाच डब्याच्या झाकणात खाल्लं.

डॉक्टर श्रद्धा बाहेर आल्या त्या टोपी काढतच. त्यांच्या हातात छोटी काचेची बाटली होती. बाटलीत तीन काळपट तुकडे. सगळ्यांत मोठा करंगळीच्या पेरापेक्षा थोडा लांब, आणि त्याला अजून एक काटा होता.

"पूर्ण निघालं," त्या म्हणाल्या. "नस वाचलीय असं वाटतं. पट्टी सुटली की कळेल. आणि आजी, तुमच्या त्या गोष्टीनं वाचलीय. ती ऐकली नसती तर मी अजून रिपोर्टची वाट बघत बसले असते."

आक्का डब्याला झाकण लावायला लागल्या.

पट्टी सुटली त्या सकाळी खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे होते. सोनमही साताऱ्याहून आली होती. डॉक्टरांनी डावा डोळा झाकला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

विजयमालानं पापणी उचलली, मिटली, पुन्हा उचलली.

"धुरकट आहे," ती म्हणाली. "पण दिसतंय. आक्का दिसतात. आई दिसते. दादा, तू मागं का लपलायस? पुढं ये." मग डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावरचा हात काढला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. "आणि हे... हे अजून जरा दोन दिसतात."

"कमी होईल ते," डॉक्टर हसल्या. "हळूहळू एक होतील."

भामाबाईंनी हात जोडले आणि पहिलं काम काय केलं, तर ती बाटली उचलली. "ही अवदसा किष्णेत सोडती आता. जाता जाताच सोडती."

"ठेवा ती खाली," आक्का म्हणाल्या.

भामाबाई दचकल्या. सोनमनं वडिलांचा हात धरला. आक्कांनी बाटली घेतली, उजेडात धरून बघितली आणि पदरानं पुसली.

"ईनबाई, ही तुमच्या मांडवाची डहाळी. मांडव असा वाटेत टाकायचा नसतो. तो नवरा-नवरीच्या पायांनी घरी जाऊन उतरवायचा असतो. तेवढं आमच्याकडनं राहिलंय." त्यांनी बाटली वीरधवलच्या हातात दिली. "डॉक्टरीण सोडंल त्या दिवशी दोघं तसेच पुढं आटपाडीला जा. मांडव परतून या. घरी मी आणि सोनम बघतो."

"आक्का, त्याला अठरा वर्षं झाली," वीरधवल म्हणाला.

"मग आणखी किती करतोस?"

भामाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लय वाट बघितली हुती तवा. पाना-फुलाचा मांडव वाळून चालला, तरी मी उतरवू दिला न्हाई. शेवटी वळवाच्या वाऱ्यानं नेला." त्यांनी आक्कांचा हात धरला. आक्कांनी तो सोडवून घेतला नाही.

नारायणरावांच्या अंगणात आता फरशी होती आणि मांडव होता तिथं डाळिंबांचे क्रेट रचलेले होते. भामाबाईंनी ते सगळे हलवायला लावले. पुरणपोळी केली, जावयाला पाटावर बसवलं, लेकीची ओटी भरली. मग दोघं घरामागच्या सौंदडीपाशी गेले. तेच झाड. वीरधवलनं बोटांनी माती उकरली, बाटलीतले तुकडे बुंध्याशी ठेवले आणि वर माती लोटली.

उभा राहिला तेव्हा विजयमाला झाडाकडे तोंड करून उभी होती. पदर खांद्यावर होता. डोळ्याला नव्हता. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात टाक्यांची बारीक रेघ, आणि डोळा कोरडा, लख्ख.

"एक दिसतोय का मी?" त्यानं विचारलं.

तिनं मान वळवून नीट निरखून बघितलं. "एकच. आणि फेट्याशिवाय बरे दिसताय."

त्याला हसायचं होतं. पण हसू अर्ध्या वाटेतच राहिलं आणि भलतंच काहीतरी झालं. अठरा वर्षांत ज्या माणसानं बायकोसमोर कधी आवाज चढवला नाही की उतरवला नाही, तो तिथं सौंदडीखाली, मातीचे हात तसेच धरून, लहान पोरासारखा मुसमुसायला लागला.

विजयमालानं त्याला थांबवलं नाही. ती जवळ आली, पदराचं टोक हातात घेतलं आणि आधी त्याचा एक डोळा पुसला, मग दुसरा.

"बघा," ती म्हणाली, "ह्याला रडणं म्हणतात. दोन्ही डोळ्यांनी."